मधल्या खोलीतला उजेड

१

आफियाच्या क्लासचा पहिला धडा मोबाइलचा नसायचा, अंड्याचा असायचा.

"फोन पर्समध्ये ठेवा सगळ्यांनी," ती म्हणायची आणि एक पांढरं अंडं वाटीच्या काठावर टेकवून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायची. "आता मला सांगा, सावली कुठं पडली? मग उजेड कुठून आला?"

बायका हसायच्या. कुणी घरून मसाले विकायची, कुणी केक, कुणी लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. माल चांगला असायचा, पण फोटो असे काढायच्या की पुरणपोळी पायपुसण्यासारखी दिसावी. भद्रकालीजवळच्या एका सभागृहात दर बुधवारी दुपारी आफिया त्यांना शिकवायची. महागडा फोन लागत नाही, लेन्स ओढणीनं पुसा, ट्यूबलाइट बंद करा, वस्तू खिडकीपाशी न्या. खिडकी मोठी नि जवळ असली की सावली मऊ पडते. मग ती स्वतःचा हात उजेडात धरून दाखवायची. "हात उजेडाजवळ नेला की भिंतीवरची सावली बघा, मोठी होते, विरघळल्यासारखी. हात भिंतीजवळ आणला की लहान होते, कात्रीनं कापल्यासारखी. सावली कधी खोटं बोलत नाही. वस्तू कुठं आहे ते तिच्याकडून कळतं."

त्या बॅचचा घरचा अभ्यास व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला लागला तेव्हा आफिया कांदा चिरत होती. एक फोटो बघून तिनं सुरी खाली ठेवली. काळपट पितळी ताटात नागलीचे पापड, एकावर एक सरकवून ठेवलेले. एका बाजूनं येणारा दुधासारखा उजेड. प्रत्येक पापडाच्या कडेवरचा खडबडीतपणा बोटाला जाणवावा इतका स्पष्ट, आणि सावली इतकी मऊ की कुठं संपते ते समजू नये.

फोटो मीनाचा होता. पेठ तालुक्यातल्या डोंगरातलं कुटुंब, आता नाशिकला पेठ रोडला भाड्यानं राहणारं. नवरा धनराज पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवायचा. क्लासमध्ये मीना मागं बसायची, फारसं बोलायची नाही.

आफियानं लगेच फोन लावला. "मीना, हा फोटो मी पुढच्या बॅचला दाखवणार आहे. कुठं काढलास?"

"मधल्या खोलीत, मॅडम."

"खिडकी छान मोठी दिसतेय तुमच्या मधल्या खोलीला."

मीना हसली. "मधल्या खोलीला कुठली आलीय खिडकी?"

२

आफिया स्वतः बघायला गेली. तीन खोल्या एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढची खोली रस्त्यावर, मागं स्वयंपाकघर, आणि मधली दोन्हीकडून भिंतींनी दाबलेली. डाव्या भिंतीपलीकडं घरमालक सहादूकाकांचं बिऱ्हाड, उजव्या भिंतीपलीकडं शेजारच्या रोशनीचं. आफिया रोशनीकडं जाऊनही आली. त्या भिंतीला तिकडून तिचं लोखंडी कपाट टेकलेलं होतं.

मधल्या खोलीत ट्यूबलाइट लावल्याशिवाय पाय ठेवायची सोय नव्हती. जमिनीवर पापडाची ताटं, डाव्या भिंतीशी पाट नि लाटणं. एका खाटेवर मीनाची सासू चिमणाबाई बसली होती, पाय खाली सोडून, तोंड उजव्या भिंतीकडं करून. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बुबुळं ताकासारखी पांढुरकी दिसत होती.

"आजी, पुढं बसा की, वारं तरी लागेल," आफिया म्हणाली.

"हितंच बरं," म्हातारी म्हणाली. "हितं उजेड हाय. पुढं मला काय दिसत नाय, हितं दिसतं."

"अशीच बोलतात त्या," मीना हळूच म्हणाली. "वय झालं."

आफियानं ताट डाव्या भिंतीजवळ ठेवलं आणि स्वतःच्या फोननं फोटो काढला. डोळ्यांना दिसत होती ती ट्यूबलाइटची फिकट, वरून पडणारी निळसर झाक. फोटोत मात्र उजवीकडून उजेड येत होता. ताटाची सावली डावीकडं पसरली होती. तिनं लेन्स पुसली, ट्यूब बंद केली. खोलीत काळोख झाला, चिमणाबाईचं फक्त पांढरं पातळ कळत होतं. फोटो काढला. ताटावर सकाळ पडली होती.

ती उजव्या भिंतीपाशी गेली. चुना, थोडी ओल, एक जुना खिळा. तिनं तळवा टेकवला. भिंत भिंतीसारखी होती.

"फोनच हुशार झालेत आता," ती मीनाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा मोठा वाटला. "अंधार असला की आपल्या मनानं उजेड भरतात."

३

हे वाक्य अल्तमशचं होतं. तिच्या नवऱ्याचं महात्मा गांधी रोडला मोबाइल दुरुस्तीचं काउंटर होतं आणि फोनच्या आत काय चालतं हे त्याला ठाऊक असायचं. संध्याकाळी त्यानं फोटो पाहिले, ताणून मोठे केले.

"सॉफ्टवेअर है. दहा फोटो एका फोटोत मिसळतं. कुठं गोंधळ होतो."

"दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये एकसारखा गोंधळ? एकाच बाजूनं?"

अल्तमशनं खांदे उडवले. "मग काय म्हणणं आहे तुझं, भिंतीतून ऊन येतं?"

तिचं म्हणणं काहीच नव्हतं. तिला फक्त सावली वाचता येत होती, आणि सावली सांगत होती की तिथं एक मोठी खिडकी आहे, हाताच्या अंतरावर. ती पुन्हा गेली. काम म्हणून गेली, असं तिनं स्वतःला पटवलं. मीनाला चिमणाबाईचा फोटो हवा होता, पापडाच्या पाकिटावर छापायला. 'सासूबाईंच्या हातचे' असं लिहायचं होतं.

म्हातारी फोटोला छान बसली. डोक्यावर पदर, गळ्यात चांदीची सरी, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. आफियानं तो फोटो पुढच्या खोलीत येऊन बघितला. माणसाचा फोटो बरा आला की नाही हे ती आधी डोळ्यांत बघायची. समोर खिडकी असली की डोळ्यांत तिचा छोटासा चौकोन चमकतो, त्यानं चेहरा जिवंत दिसतो. तिनं बोटांनी फोटो मोठा केला.

चिमणाबाईच्या पांढुरक्या बुबुळावर खिडकी होती. उभे गज असलेली, जुन्या धाटणीची. आणि गजांच्या पलीकडं, खालच्या बाजूला, काहीतरी काळं उभं होतं. आफियानं आणखी मोठं केलं तेव्हा त्याचे चौकोन चौकोन झाले. पण खांदे कळत होते.

ती परत मधल्या खोलीत गेली. मीना मागं चहा टाकत होती.

"आजी," आफियानं खाटेजवळ बसून हळू विचारलं, "समोर काय आहे तुमच्या?"

"खिडकी."

"आणि खिडकीत?"

"बाई हाय एक. उभी रहाती." म्हातारीनं साधं सांगितलं, शेजारणीबद्दल सांगावं तसं. "बोलत नाय काय. मीना पापड लाटती ते बघती. लय बारीक बघती."

४

त्यानंतर आफिया तिकडं गेली नाही. क्लास होता, घर होतं, आणि भीती वाटत होती हे कबूल करण्यापेक्षा वेळ नाही म्हणणं सोपं होतं. एकदा फोन करून तिनं मीनाला सुचवलं, "पुढच्या खोलीत काढून बघ ना फोटो." मीना गोड आवाजात म्हणाली, "तिथं नाही तसे येत, मॅडम. आता दिंडोरीकडच्या एका वाइनवाल्यांनी मागवलेत पापड. फोटो बघूनच मागवलेत. मी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी करतेय."

आफियानं 'छान' म्हणून फोन ठेवला.

मग एका सकाळी मीनाचा फोटो आला, खाली प्रश्न. 'मॅडम, भिंतीवर डाग येतोय. लेन्स पुसली तरी जात नाही. आईंचा मोतीबिंदू काढायचाय, त्याच्या धावपळीत आहे, जरा बघा ना.'

ताटामागच्या डाव्या भिंतीवर एक मोठा, धुरकट काळेपणा होता. भिंतभर पसरलेला, कडा नसलेला. आफियानं लिहिलं, 'काही नाही, फोन बदलून बघ.'

पुढच्या फोटोत डाग लहान झाला होता. मीनानं खाली हसरी इमोजी टाकली होती. 'कमी होतोय!'

त्याच्या पुढच्यात आणखी लहान. आता त्याला वरती गोलवा होता नि खाली दोन्हीकडं उतार. कडा घट्ट होऊ लागल्या होत्या.

आफिया सभागृहात होती. समोर नवी बॅच बसली होती आणि ती हात उजेडात धरून नेहमीचं वाक्य म्हणत होती, की हात भिंतीजवळ आणला की सावली लहान होते, कात्रीनं कापल्यासारखी. वाक्य अर्ध्यावर तिच्या तोंडातच राहिलं. बायका तिच्याकडं बघत राहिल्या.

डाग कमी होत नव्हता. खिडकीपाशी जे उभं होतं ते खिडकी सोडून खोलीत येत होतं.

५

तिनं स्कूटी पेठ रोडला कशी नेली ते तिला नंतर आठवेना. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घुंगरं वाजवत होतं, सगळं इतकं नेहमीचं की दारात पोचल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

मीना मधल्या खोलीत पाटावर बसून लाटत होती. चिमणाबाई खाटेवर होती, पण आज तिनं तोंड फिरवलं होतं. भिंतीकडं नव्हे, मीनाकडं. किंवा मीनाच्या जरा मागं.

"काय झालं, मॅडम? घामाघूम झालात."

आफियानं फोन काढला आणि उंबऱ्यातून खोलीचा फोटो घेतला.

डाव्या भिंतीवर सावली होती. माणसाएवढी. अंबाड्याची गाठ कळत होती, नाकाची रेघ कळत होती, खाली सोडलेल्या हाताची बोटं वेगवेगळी दिसत होती. ती लाटणाऱ्या मीनाच्या अगदी पाठीशी, जरा वाकून उभी होती, शिकायला उभं राहावं तशी.

"ऊठ," आफिया म्हणाली. "मीना, ऊठ. आजींना बाहेर आण. आत्ता."

तिच्या आवाजात असं काही होतं की मीना लगेच उठली. दोघींनी म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या खोलीत आणलं. चिमणाबाईचे हात थंडगार होते. ती मीनाची बांगडी घट्ट धरून होती.

"माझी ताटं," मीना म्हणाली.

"राहू देत."

"अहो मॅडम, उद्या द्यायचेत! एका मिनिटात घेऊन येते." तिनं सासूची बोटं बांगडीवरून सोडवली आणि आत गेली.

आत ताटं गोळा केल्याचा आवाज आला. मग एक ताट फरशीवर पडलं. पितळेचा तो आवाज गरगरत बराच वेळ चालला आणि कुणीतरी त्यावर हात ठेवावा तसा एकदम थांबला.

"मीना?"

रस्त्यावरची घुंगरं तेवढी वाजत होती. आफिया आत जायला वळली. चिमणाबाईनं आता तिचा हात धरला होता.

मग मीना बाहेर आली. दोन्ही हातांवर ताटं, एकावर एक नीट रचलेली. एकही पापड तुटलेला नव्हता.

"काही नाही," ती म्हणाली. "हातातून निसटलं." आणि हसली.

६

त्यांनी ते घर सोडलं. आफियानं धनराजला एवढंच सांगितलं की त्या खोलीत ओल आहे, म्हातारीच्या छातीला बरी नाही. तो भला माणूस होता. त्यानं म्हसरूळला दोन खोल्या बघितल्या, हवेशीर. आफियाला हलकं वाटलं. आपण वेळेवर पोचलो, असं तिनं अल्तमशला सांगितलं. अल्तमश म्हणाला, "वहम का होईना, निघाले ते बरं."

चिमणाबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. आफिया भेटायला गेली तेव्हा म्हातारी काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसली होती. डावीकडं भली मोठी खिडकी, तिच्यातून सकाळचं ऊन आत आलेलं. मीना चहा करायला गेली.

"आता दिसतं ना, आजी, सगळं?"

चिमणाबाईनं मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत तिनं आफियाला जवळ ओढलं. तिच्या तोंडाला औषधाचा वास येत होता.

"ऑपरेशनच्या आधी मला मीनाचं तोंड कधी नीट दिसलं नाय," ती कुजबुजली. "लग्न होऊन आली तवापासून डोळं असंच. आवाजावरून वळखायची मी तिला. पन ती खिडकीतली बाई मला दिसायची. साफ दिसायची." तिनं दाराकडं बोट केलं. "चा करती ना आत, ती तीच बाई हाय."

आफियाला हसावंसं वाटलं. म्हातारं माणूस, नवे डोळे, इतक्या वर्षांनी दिसणारे चेहरे. सुनेचा चेहरा अनोळखी वाटणारच. सगळं समजावून सांगता येण्यासारखं होतं आणि ती मनात समजावतही होती. पण मीना चहा घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, "बस आजींच्या शेजारी. एक फोटो काढते दोघींचा."

मीना बसली. सासूच्या खांद्यावर हात ठेवला. आफियानं फोटो काढला आणि बघितला.

खिडकीच्या बाजूचा चिमणाबाईचा गाल उजळला होता, दुसरा सावलीत होता. मागच्या भिंतीवर म्हातारीची सावली खिडकीपासून दूर पडली होती, पाण्याच्या मडक्याची, खुर्चीचीही तशीच. मीनाचा मात्र दुसरा गाल उजळला होता. तिच्या नाकाची सावली खिडकीकडं पडली होती. दुसऱ्याच खोलीतल्या फोटोतून कापून इथं चिकटवल्यासारखी ती हसत बसली होती, दुधासारख्या उजेडात.

"दाखवा ना, मॅडम," मीना म्हणाली. तिनं फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला, बारीक नजरेनं. "छान आलाय. तुम्हाला आवडला का?"

"आवडला," आफिया म्हणाली.

निघताना चिमणाबाई दारापर्यंत आली. "धनराजला सांग," ती म्हणाली, "मला पेठला चांगुणाकडं सोड म्हनावं. लेकीकडं. आजच सोड म्हनावं." आफियानं सांगितलं, आणि धनराजनं आईला त्याच संध्याकाळी बहिणीकडं पोचवलं. मीनाबद्दल मात्र आफिया त्याला काही सांगू शकली नाही. काय सांगणार होती? तो बायकोवर खूश होता. म्हणत होता, पहिल्यापेक्षा हसरी झालीय.

७

"अजून भाड्यानं गेली नाही खोली," सहादूकाका कुलूप काढत म्हणाले. "तुम्हाला कशाला हवीय?"

"क्लाससाठी बघतेय," आफिया म्हणाली.

"अंधारी आहे हो."

"चालेल. मी बघते, तुम्ही बसा बाहेर."

मधली खोली रिकामी होती. खाटेच्या पायांच्या खुणा फरशीवर उरल्या होत्या, कोपऱ्यात पापडाचा एक तुकडा मुंग्या ओढत होत्या. ट्यूब काढून नेली होती. पुढच्या दाराचा उजेड उंबऱ्यापर्यंत येऊन थांबत होता. आफिया डाव्या भिंतीसमोर उभी राहिली, काळोखाकडं फोन धरला आणि फोटो काढला.

भिंतीवर लख्ख उजेड होता, त्यात गजांच्या फिकट रेघा. गजांच्या मधे एक सावली, माणसाहून मोठी, कडा विरलेली. खिडकीपलीकडं उभ्या असलेल्या कुणाची तरी. दोन्ही हात वर, गज धरलेले.

"मीना," आफिया म्हणाली. रिकाम्या खोलीत आवाज घुमला. ती वळून उजव्या भिंतीशी गेली, दोन्ही तळव्यांनी चुन्यावर थापा मारल्या. पलीकडून रोशनीच्या कपाटाचा पत्रा खडखडला, तेवढंच. "मीना, मी आहे. आफिया. ये इकडं. ये बाई."

तिनं पुन्हा फोटो काढला. सावलीचा एक हात गजातून बाहेर आला होता, भिंतीवर लांबलचक पसरला होता. बांगडीची कड दिसत होती.

"ये. ये ना. येता येतं, ती आली ना!"

फोटो. हात नव्हता. सावली मोठी झाली होती.

आफियाला वाटलं आपलं चुकतंय. तिनं आधीचा फोटो लावून पाहिला, पुन्हा हा पाहिला. मोठी झाली होती, फिकी झाली होती. तिनं पुन्हा काढला, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी सावली भिंतीवर वाढत गेली, छतापर्यंत, मग छतावरून वाकून. डोकं कुठलं नि खांदे कुठले ते कळेनासं झालं. कुणीतरी तिला मागं नेत होतं, की ती स्वतः उजेडाकडं चालली होती, ते सावलीवरून सांगता येत नव्हतं. लांब जातेय एवढंच सांगता येत होतं.

"झालं का, मॅडम?" सहादूकाकांनी बाहेरून विचारलं. किल्ल्या वाजल्या. "मला जायचंय, कुलूप लावतो."

"एकच मिनिट, काका. एकच."

तिनं हात स्थिर केला, श्वास रोखला आणि फोटो काढला. भिंतीवर आता फक्त उजेड होता, आणि गज.